कोरा फॅक्स

"बाबा जुन्या फाइली टाकू देत नाहीत. विषय काढला की चिडतात, मग दिवसभर गप्प." मी समुपदेशक; निवृत्त माणसाच्या घरून असा फोन मला अधूनमधून येतोच. मग मला एक काका आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

काका एका दैनिकाचे वार्ताहर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याच दिवशी ते तिथे पोचले. पुढे महिनाभर पहिल्या पानावर नाव. एसटीत कंडक्टर ओळखायचा, लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवायचे. आता घर बदलायचं होतं. नव्या फ्लॅटला माळा नाही आणि बॉक्स फाइली चौदा.

पहिल्याच भेटीत मी म्हणाले, "स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवा की." त्यानंतर काका तीन आठवडे फिरकले नाहीत. बरोबरच होतं. मी जागेचा प्रश्न सोडवत बसले होते, आणि तो सुनेचा होता, त्यांचा नव्हे.

परत आले ते एक फाइल घेऊनच. टाचण्यांचा गंज कात्रणांवर उतरलेला, घडीवर कागद तुटलेले. प्लास्टिकच्या पाकिटात मात्र एक कागद, दोन्ही बाजूंनी कोरा.

"मुख्य संपादकांचा फॅक्स. शाबासकीचा."

त्या गुळगुळीत फॅक्सच्या कागदावर अक्षरं उष्णतेनं उमटायची, काही वर्षांत उडून जायची. काय लिहिलं होतं, मी विचारलं. काका बराच वेळ आठवत राहिले. "'उत्तम'... का 'अत्युत्तम'?" स्वतःच हसले, आणि हसता हसता डोळे भरले. "सुनेला किल्लारी माहीत आहे हो मॅडम. मी तिथे होतो, हे माहीत नाही."

उतारवयात माणूस मागचं उकरतो, त्याला रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्ये आयुष्याचा आढावा म्हटलं होतं. घरात त्यालाच 'तेच तेच काय सांगता' म्हणतात. (झोप-भूक उडाली, दोन आठवडे कशातच मन लागेना, तर मात्र डॉक्टरांकडेच जावं.)

मग ठरलं असं: दर रविवारी एक फाइल, समोर सून, आधी सांगायचं, मग ठेवायचं की टाकायचं ते काकांनीच ठरवायचं. चौथ्या रविवारी एक वही निघाली. सास्तूर या भूकंपात सापडलेल्या गावातल्या लोकांची नावं, पुढे कुणाला घोंगडी हवी, कुणाला रॉकेल, कुणाच्या घरातलं कोण गेलं. यातलं एक अक्षरही छापून आलेलं नव्हतं. सुनेनं ती वही रात्री बसून पुरी वाचली.

वही राहिली. सत्काराची पत्रं काकांनी आपणहून रद्दीत घातली. फॅक्सचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत काका तावातावाने आले. रद्दीवाला म्हणे पुठ्ठ्याच्या फाइलींना भाव कमी देतो, आणि वर लोखंडी क्लिपा आधी काढून द्या म्हणतो.