वाचक विचारतात : रीफ टँकसाठी कोणती लेन्स?

घरच्या रीफ टँकचे, म्हणजे जिवंत कोरल असलेल्या समुद्री टँकचे फोटो काढणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे इंदूरचे आहेत, एकेक ग्वाल्हेर आणि बडोद्याहून आला आहे.

प्रश्न : चार फुटी रीफ टँक आहे. कॅमेरा कॅनन ७००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. कोरलचे अगदी जवळून फोटो हवेत. ६० मिमी मॅक्रो घ्यावी की १०० मिमी? (रामबाग, इंदूर)

उत्तर : दुकानात जाण्याआधी हातात टेप घ्या आणि तुमची आवडती कोरल्स समोरच्या काचेपासून किती आत आहेत ते मोजा. निर्णय तिथेच होतो.

लेन्सच्या माहितीत दिलेलं 'किमान फोकस अंतर' हे कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नव्हे. कॅननच्या १०० मिमी एल मॅक्रोचं किमान अंतर ३० सेंमी. त्यातून कॅमेऱ्याचे ४.४ आणि लेन्सच्या लांबीचे १२.३ सेंमी वजा केले की तोंडापुढे उरतात १३ सेंमीच्या थोडे वर. ईएफ-एस ६० मिमीचं किमान अंतर २० सेंमी. हाच हिशेब केला तर हाती उरतात साडेआठ सेंमी.

आता पाणी आपल्या बाजूने काम करतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे आतली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावरच दिसते. लेन्सचं तोंड काचेला टेकवलं आणि काच १२ मिमी जाडीची धरली, तर ६० मिमी लेन्सने काचेमागे सुमारे १० सेंमीपर्यंतच्या, आणि १०० मिमी एलने सुमारे १६ सेंमीपर्यंतच्या कोरलचा एकास एक आकाराचा (सेन्सरवर मूळ वस्तूएवढीच प्रतिमा पडणारा) फोटो मिळतो. निकॉनच्या १०५ मिमी व्हीआर मायक्रोने (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणते) १९ सेंमीपर्यंत जाता येतं. चार फुटी टँक साधारणपणे दीड-दोन फूट खोल असतो आणि दगड मागच्या अंगाला रचलेले असतात. म्हणून तुमच्यासाठी १०० मिमी. एक फुटी नॅनो टँक असता, किंवा टँकसमोर जेमतेम हातभर बोळ असता, तर ६० सुचवली असती.

पण एकास एक खरंच हवं आहे का? तुमच्या कॅमेऱ्यावर त्याचा अर्थ २२ मिमी रुंदीची चौकट. झोआ या कोरलचा एखादा पॉलिप (फुलासारखा छोटा जीव) किंवा अ‍ॅक्रोपोराची टोकं यांना ती लागते. टॉर्च किंवा हॅमर कोरलच्या पंजाएवढ्या गुच्छाला ती अजिबात लागत नाही. तुमच्याकडची १८-५५ (७००डीसोबतची एसटीएम) ५५ मिमीवर सुमारे सहा सेंमी रुंदीची चौकट देते. काचेलगतच्या कोरलवर आधी महिनाभर तीच वापरून पाहा. पैसे कुठे खर्चायचे ते आपोआप कळेल.

प्रश्न : एफ/२.८ (लेन्सचं मोठं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर) आणि स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे मोजावेत का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : कोरलसाठी नाही. एकास एक आकारात एफ/८ वर छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला हवेत सुमारे ०.६ मिमी एवढाच थर स्पष्ट मिळतो, पाण्यात त्याहून किंचित जास्त. एफ/२.८ वर तर पॉलिपचं तोंड स्पष्ट आणि कडा धूसर. काम एफ/८ ते एफ/११ वरच होणार. त्यापुढे एफ/१६, एफ/२२ वर नेलं तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो, कारण एकास एकला लेन्सचा प्रत्यक्ष एफ-आकडा जवळपास दुप्पट झालेला असतो. मोठ्या अ‍ॅपर्चरचा फायदा व्ह्यूफाइंडर उजळ दिसण्यापुरता. स्टॅबिलायझेशन हात थरथरण्यावर उपाय आहे, माशाच्या पोहण्यावर नाही. शिवाय अगदी जवळून त्याचा जोर कमी होतो. ट्रायपॉडवर ते बंद ठेवा. माशांसाठी १/१२५ ते १/२५० शटर आणि त्यासाठी वाढवलेला आयएसओ हाच खरा उपाय.

प्रश्न : निकॉनची जुनी १०५ मिमी मायक्रो (एएफ-डी) चांगल्या भावात मिळते आहे. माझा कॅमेरा डी५३००. घेऊन टाकू का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : तुमच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही आणि त्या लेन्समध्येही नाही. ऑटोफोकस चालणार नाही, एक्स्पोजर मात्र नीट मोजलं जाईल. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे ३२ वर, लॉक करायला विसरलात तर कॅमेरा 'एफईई' असं दाखवून अडून बसेल. तेव्हा लेन्स बिघडली असं समजू नका. कोरल जागचं हलत नाही, त्यामुळे लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस करणं सोपं आणि अधिक अचूकही. फक्त कोरल काढणार असाल तर जरूर घ्या. क्लाउनफिश किंवा टँग काढायचे असतील तर नको. टॅमरॉन ९० आणि टोकिना १०० च्या निकॉनसाठीच्या जुन्या आवृत्त्यांतही हीच गोम आहे, म्हणून मोटर आहे का हे आधी विचारा.

घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून तिरप्या कोनातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. भाव कितीही पाडला तरी सोडून द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती पुढेमागे अडकतात. थोडी धूळ चालते.

प्रश्न : मॅक्रो लेन्सचं बजेट नाही. ५५-२५० आणि ५० मिमी एफ/१.८ घरात आहेत. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : मग तुमचं अर्धं काम झालेलं आहे. सराफ्यात रात्री जिलबीच्या कढईसमोर मजेत चालणारी ५० मिमी रीफ टँकवर एकटी तोकडी पडते. ती इतक्या जवळ फोकसच होत नाही. तिच्यामागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की आकारात निम्म्याची भर पडते. नियम सोपा आहे : ट्यूबची लांबी भागिले लेन्सचं फोकल अंतर. ट्यूबमध्ये काच नसते, म्हणून ती स्वस्त. पण विद्युत संपर्क असलेलीच घ्या. संपर्क नसलेल्या ट्यूबवर कॅननची लेन्स सताड उघडी राहते, आणि निकॉनची जी प्रकारची (कडी नसलेली) लेन्स उलट पूर्ण मिटलेली.

आमची खरी शिफारस मात्र ५५-२५० च्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-१५० लावण्याची. ही ४.८ डायॉप्टर ताकदीची, पुढे जोडायची लेन्स चिमट्यासारखी बसते, ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-धाग्यावर. झूम कुठेही असो, फोकस अनंतावर असताना विषय तोंडापासून सुमारे २० सेंमीवर लागतो. पाण्यात ते काचेमागे २६ सेंमीपर्यंत गेलं, म्हणजे १०० मिमी मॅक्रोपेक्षाही आत. २५० मिमीवर आकार एकास एकच्या थोडा वर, ५५ वर पाव. तोटा असा की त्याहून लांबचं काहीच फोकस होत नाही, त्यामुळे पोहणाऱ्या माशांना ती निरुपयोगी. जास्त ताकदीची डीसीआर-२५० पाहून मोह होईल, पण तिचं अंतर साडेबारा सेंमीच आहे. टँकसाठी १५० बरी.

प्रश्न : महागडी मॅक्रो घेतली तरी फोटोत कडांना जांभळी-हिरवी किनार आणि एकूणच पुसटपणा. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावू का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : लेन्सला दोष देण्याआधी तुम्ही काचेशी किती अंशात उभे आहात ते बघा. काच आणि पाणी मिळून तुमच्या लेन्सचं शेवटचं भिंगच असतं. तिरकं पाहिलं की तांबडा आणि निळा प्रकाश वेगवेगळा वाकतो. किनार येते ती त्यामुळे, आणि पुसटपणाही. खात्री करायची सोपी युक्ती : व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब काचेत शोधा. ते चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की तुम्ही काटकोनात आहात. मग खोलीतले दिवे घालवा आणि रबरी हूड काचेला टेकवा.

वाळूलगतचं कोरल काढताना कॅमेरा खाली झुकवू नका, ट्रायपॉडच खाली आणा. पोट पुढे आलेल्या वक्र काचेच्या टँकमध्ये मधला पट्टा तेवढा भरवशाचा.

पोलरायझर काचेवरचं प्रतिबिंब सर्वांत जास्त कापतो ते सुमारे ५६ अंशांच्या तिरक्या कोनात. म्हणजे जिथून फोटो काढूच नये तिथे तो उपयोगी, आणि जिथून काढायचा तिथे फक्त प्रकाश खाणारा. नको.

प्रश्न : डोळ्यांना हिरवं-केशरी दिसणारं कोरल फोटोत निळा गोळा होतं. वेगळी लेन्स लागते का? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : लेन्स नाही, फिल्टर लागतो, आणि त्याहून आधी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). रीफच्या एलईडीतल्या रॉयल ब्लूचा जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा केल्व्हिन आकडा (प्रकाशाच्या रंगाचं माप) १०,००० ला संपतो. टँकचा प्रकाश त्याच्या पलीकडचा. कोरलच्या जागी पांढरा पीव्हीसीचा तुकडा ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, किंवा रॉमध्ये नंतर दुरुस्त करा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगनिहाय पाहा : एकत्रित आलेख ठीक दिसतो तेव्हाही निळा कोपऱ्यात आपटलेला असतो, आणि आपटलेला निळा कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा.

शिवाय सेन्सरवरचे चारातले एकच पिक्सेल निळे असतात. निव्वळ निळ्या प्रकाशात बारकावे तिथेच गळतात. म्हणून फोटोपुरते दहा मिनिटं दिव्यातले पांढरे चॅनल वाढवा. कोरलचं स्वतःचं चमकणं दाखवायचं असेल तर उलट, निळाच ठेवा आणि लेन्सवर गडद पिवळा किंवा केशरी फिल्टर लावा. तो लेन्सच्या व्यासाचा घ्या : ईएफ-एस ६० ला ५२ मिमी, ५५-२५० ला ५८, १०० एलला ६७. फोकस फिल्टर लावल्यावर आणि लाइव्ह व्ह्यूमध्येच करा, कारण निळ्या प्रकाशात ऑटोफोकस किंचित चुकतो.

फोटोवर आडवे पट्टे आले तर मंद केलेल्या एलईडीची उघडझाप हे कारण. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक लावा, शटर १/६० किंवा त्याहून हळू ठेवा, किंवा दिव्याचं चॅनल पूर्ण जोरावर न्या.

प्रश्न : वरून, पाण्याच्या पृष्ठभागावरून फोटो घ्यायचा आहे. (विजयनगर, इंदूर)

उत्तर : १०० मिमी किंवा झूम चालेल, सपाट ॲक्रिलिक तळाचा डबा पाण्यावर टेकवून त्यातून पाहिलं की लाटांचा त्रास जातो. आधी वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) बंद करा. मग स्किमर (फेसासोबत मळ काढणारं यंत्र). शेवटी रिटर्न पंप (संप, म्हणजे टँकखालच्या टाकीतून पाणी वर आणणारा). हा क्रम पाळा, कारण रिटर्न थांबला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी चढते आणि चालू स्किमर कप भरून जमिनीवर वाहतो. संपमध्ये तेवढी रिकामी जागा आहे का हे आधीच तपासलेलं असावं. पाच मिनिटं कण बसू द्या, पॉलिपही तेवढ्यात फुलतात. मे महिन्यात, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) रिटर्नच्याच पाण्यावर चालत असेल, तर पंधरा मिनिटांच्या आत सगळं परत सुरू करा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. (राजवाड्याजवळून, इंदूर)

उत्तर : फोनचा 'मॅक्रो' मोड बहुतेकदा वाइड कॅमेऱ्याने दोन-चार सेंटिमीटरवरून काम करतो, काचेमागच्या कोरलपर्यंत तो पोचतच नाही. तो बंद करा, टेलिफोटो असेल तर तो वापरा, आणि केशरी जेलचा (रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा) तुकडा लेन्सवर धरा. चिमट्याची '१०एक्स' भिंगं टाळा, त्यांचं अंतर अडीच सेंमीच असतं.

प्रश्न : लेन्सवर खारं पाणी उडालं. कापडाने पुसू का? (अन्नपूर्णा, इंदूर)

उत्तर : कोरड्या कापडाने मुळीच नाही, वाळलेलं मीठ कोटिंग खरवडतं. आरओच्या पाण्यात ओला करून पिळलेला मऊ कपडा ठेवून आधी मीठ विरघळू द्या, मग हलकेच टिपा. बोरिंगचं पाणी नको, त्याचे पांढरे डाग पडतात. पावसाळ्यात लेन्स टँकच्या स्टँडखालच्या कपाटात ठेवू नका. तिथल्या ओलाव्याने बुरशी धरते. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा.