कॅप्सूल उपाशीपोटी, मग फरक कसा पडणार?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. आबांचं वय ६१, स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, सीटी स्कॅनमधे खडेपण दिसले. संडास तेलकट होतो, कितीपण पाणी टाका जात नाही, वजन ७० चं ५६ झालं. डॉक्टरांनी एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यात, आबा सकाळी उठल्या उठल्या घेतात पण ३ महिन्यात काहीच फरक नाही. बंद करायच्या का? दारू कधीच नाही, माळकरी आहेत, बिडी मात्र सुटत नाही. गल्लीत सगळे म्हणतात हा कॅन्सरच.

उत्तर : भाऊ, बंद नका करू, वेळ बदला. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर पाचक रस आतड्यात सोडतं, त्यातल्या लायपेजने तेल-तूप पचतं. वर्षानुवर्षं सूज राहून ते खराब झालं की रस कमी पडतो आणि खाल्लेलं तेल तसंच बाहेर येतं. कॅप्सूल म्हणजे तोच रस बाहेरून, अन्नात मिसळला तर काम करणार ना! सकाळी ६ ला कॅप्सूल आणि ११ ला कळण्याची भाकरी, मग काय उपयोग. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, एकापेक्षा जास्त असतील तर काही जेवणाच्या मधे, चावायची नाही, आणि रात्रीच्या जेवणालापण लागते. किती ते डॉक्टरच ठरवतील. शेवभाजीची तर्री पूर्ण तोडू नका, वजन अजून उतरेल, जेवण तेलकट असेल तर कॅप्सूलच जास्त लागते एवढंच.

आबा माळकरी म्हणून सांगणं भाग आहे, ह्या कॅप्सूल बहुतेक डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. लपवून देऊ नका, नंतर कळलं तर औषधावरचा विश्वासच उडतो. डॉक्टरांशी मोकळं बोला.

कॅन्सरचं म्हणाल तर जुन्या सुजेत धोका वाढतो हे खरं, पण बहुतेकांना होत नाही, आणि बिडीने सूज आणि कॅन्सर दोन्हीचा धोका वाढतो. कॅप्सूल नीट घेऊनपण वजन उतरतच राहिलं तर परत दाखवा. पोट न दुखता डोळे पिवळे झाले, लघवी गडद, संडास पांढुरका, अंगाला खाज, असं झालं तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नका, स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्ताची नळी दाबते तेव्हा असंच होतं. त्याच दिवशी दवाखाना.

शुगर तपासली का ते लिहिलं नाही तुम्ही. ह्याच आजारात इन्सुलिनपण कमी पडतं, तेवढं करून घ्या.