गाठ अख्खी काढ

चि. डॉक्टरास अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. खानापूरकडचे ६२ वर्षांचे मामा, मानेत दोन्ही बाजूंना गाठी. सुईची तपासणी दोनदा झाली. एकदा 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे साधी सूज, एकदा 'ग्रॅन्युलोमा', म्हणजे टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके. चार महिने टीबीच्या गोळ्या घेऊनही गाठी वाढल्या, काखेतही आल्या. संध्याकाळी ताप, अंगभर खाज. आणि एवढं सगळं लिहून तू विचारतोस, "मॅडम, तिसऱ्यांदा सुई घालू, की थोडे दिवस स्टिरॉइड देऊन बघू?"

दोन्ही नको. गाठ अख्खी काढ.

स्टिरॉइडचं आधी सांगते, कारण राग तिथेच आला. मला शंका आहे लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची. त्याच्या पेशी प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने मरतात. आठवड्यात गाठी बसतील, ताप उतरेल, घरची माणसं तुला देव म्हणतील. मग काढलेल्या गाठीत मला वाचायला काही उरणार नाही. रोग मात्र उलटून येईल, आणि तोवर मामांची ताकद गेलेली असेल.

सुईला मी नावं ठेवत नाही. निपाणीकडच्या तंबाखूवाल्याच्या मानेत दगडासारखी गाठ आली तर आधी सुईच घालायची. तोंडाघशातून उतरलेल्या कॅन्सरची पेशी एकटीसुद्धा ओळखू येते. टीबीचा पू सुईने निघतो, सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणाऱ्या तपासणीला, जातो. लिम्फोमाचं तसं नाही. तिथे पेशी कशा मांडल्यात ते बघायचं असतं. शहापूरच्या मागावरच्या साडीतून चार धागे उपसून दिलेस, तर काठ कोणता ते मी कसं सांगू?

लिम्फोमा टी किंवा बी या पांढऱ्या पेशींच्या दोन जातींमधून होतो. त्यातही टी-पेशींचा लिम्फोमा फार फसवा. बी-पेशींच्या लिम्फोमात निदान एक खूण मिळते: सगळ्या पेशींवर एकच प्रथिन, एकतर कप्पा, नाहीतर लॅम्डा. टी-पेशींना अशी सरळ खूण नाही. पेशींवरची प्रथिनं रंगवून बघायची, त्यांना सीडी असे नंबर आहेत. सीडी३ रंगला तर पेशी टी जातीच्या एवढंच कळलं. साध्या सुजेतही त्याच असतात. मग सीडी५, सीडी७ हरवलेत का, सीडी१० आणि पीडी१ भलत्या जागी दिसतात का, सीडी२१ने रंगणारं जाळं पसरलंय का, बारीक रक्तवाहिन्यांना फांद्या फुटल्यात का, हे सगळं एकत्र जुळवायचं. टी-सेल रिसेप्टरच्या जनुकाची तपासणीसुद्धा एकटी धरून चालत नाही. पेशी एकाच वंशाच्या निघाल्या म्हणजे कॅन्सरच, असं होत नाही.

तुझ्या मामांच्या बाबतीत मला टी-पेशींच्या लिम्फोमातल्या अँजिओइम्युनोब्लास्टिक प्रकाराची शंका येते. उतारवय, ताप, खाज, सगळीकडे गाठी. रक्तातलं ग्लोब्युलिन आणि कूम्ब्स टेस्ट (तांबड्या पेशींवर अँटिबॉडी बसल्यात का ते सांगणारी) करून बघ. या प्रकारात वाईट पेशी थोड्या असतात. भोवती इओसिनोफिल आणि प्लाझ्मा या सुजेतल्या पेशींची एवढी गर्दी, की सुईत 'रिअॅक्टिव्ह'च दिसणार. पण माझ्या शंकेवर कीमो देता येत नाही. गाठ अख्खी काढ.

आता माझं ऐक. वडगावची एक विणकर बाई होती. तिच्या मानेच्या सुईची स्लाइड मी वाचली, ग्रॅन्युलोमा दिसले, 'टीबीशी सुसंगत' लिहून सही केली. सहा महिन्यांनी तिची अख्खी गाठ माझ्या टेबलावर आली. टी-पेशींचा लिम्फोमा, ग्रॅन्युलोमांनी भरलेला, लेनर्ट या नावाने ओळखतात तो. ती वाचली नाही. तेव्हा इथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरची प्रथिनं रंगवून बघायची सोय, नव्हती. गाठीचे मेणातले ब्लॉक मुंबईला जायचे. मानेतली गाठ म्हणजे टीबी, असंच सगळे धरून चालायचे, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण रिपोर्टच्या खाली 'गोळ्यांनी उतरली नाही तर गाठ अख्खी काढून पाठवा' ही एक ओळ लिहायला कुठलं यंत्र लागत होतं? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती ओळ मी प्रत्येक रिपोर्टवर लिहिली. सर्जन वैतागायचे. वैतागू देत.

तुझेही सर्जन कुरकुरतील. मानेच्या मागच्या त्रिकोणात स्पायनल अॅक्सेसरी नस वरवरच असते, ती दुखावली तर खांदा उतरतो. भीती खोटी नाही, म्हणून सवयीच्या हाताकडेच दे. सोपी म्हणून जांघेतली गाठ काढू नकोस, तिथे जुन्या सुजेच्या खुणाच जास्त सापडतात. मानेतली सगळ्यात मोठी घे, वरचं आवरण न फाडता.

आणि काढल्यावर अख्खी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवायच्या द्रावणात, बुडवू नकोस. ताजी असताना काप. एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चरला आणि सीबीनॅटला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. बाकीचे पातळ काप दहापट फॉर्मॅलिनमध्ये. नाहीतर बाहेरून शिजल्यासारखी दिसते आणि आत कुजते. असल्या किती बरण्या उघडल्या मी! एकाच गाठीतून टीबी आणि लिम्फोमा दोन्हींचं उत्तर मिळतं, मग तिसऱ्या सुईचा हट्ट कशाला?

उलटंही होतं, तेही ध्यानात ठेव. तरुण मुलीच्या मानेत गाठी, ताप, बघताक्षणी लिम्फोमा वाटावा, आणि निघतो किकुची. जपानमध्ये १९७२ साली वर्णन झालेला, आपोआप बरा होणारा आजार. तिला कीमोपासून अख्खी गाठच वाचवते. आणि लिम्फोमा निघाला तरी नुसतं 'टी-सेल' लिहून भागत नाही. एएलके प्रथिन असलेला अॅनाप्लास्टिक प्रकार असेल तर आशा बरीच जास्त, सीडी३० भरपूर रंगला तर कीमोसोबत ब्रेंटुक्सिमॅब या औषधाचा विचार होतो.

मामांच्या घरच्यांना कन्नड-मराठी जे कळेल त्यात नीट सांग: टीबीच्या गोळ्या दिल्या ही कुणाची लबाडी नव्हती, पण आता थांबायचं नाही. सोमवारी भरती कर. ब्लॉक हरवू देऊ नकोस, मामा मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला गेले तर तिथे पुन्हा मागतील. स्लाइड झाल्या की टिळकवाडीत घरी घेऊन ये, मायक्रोस्कोप अजून खिडकीशीच आहे.

तुझी,
मॅडम