‘आईबाबा कडक होते का?’ एवढंच विचारू नका

तरुणांचं समुपदेशन नव्यानं सुरू करताय, तर शिस्त आणि मानसिक दबाव आधी वेगळे करा. रात्री दहाला घरी यायचं, हा नियम. उशीर झाला म्हणून आईनं दोन दिवस अबोला धरणं, हा दबाव. ज्याचं कारण समजावलंय, असा नियम सहसा बाधत नाही. अबोल्यानं मात्र मूल स्वतःच्या भावना सोडून समोरच्याचा चेहरा वाचत राहतं. मग विशीत साधं ‘नाही’ म्हणतानाही अपराधी वाटतं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

आईबाबांनी कसं वाढवलं हे तरुणांकडून जाणून घ्यायला मानसशास्त्रज्ञ जॉन बुरी यांची १९९१ची प्रश्नावली घ्या: ३० विधानं, पालकत्वाच्या तीन शैलींना (मोकळीक देणारी, हुकूम चालवणारी, समजावून शिस्त लावणारी) प्रत्येकी १०. आई आणि वडिलांसाठी ती स्वतंत्र भरून घ्या, नाहीतर दोघांतला फरक बुडतो. घरात नुकतंच भांडण झालं असेल, तर आठवणीही कडवट होतात. दोन आठवडे थांबा.