गोळी सुरू झाली आणि डोळे सुजले

"मॅडम, औषधानं माणूस बरा व्हायचा की आणखी आजारी पडायचा?" असे विचारत सोलापुरातील एका यंत्रमाग कामगाराच्या पत्नी माझ्यासमोर बसल्या, पती शेजारी गप्प होते. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पतींना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग झाला होता आणि इमॅटिनिब या लक्ष्यवेधी औषधाची, म्हणजे रोगामागच्या नेमक्या बिघाडावर काम करणाऱ्या औषधाची, 400 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी पाच आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. सकाळी डोळ्यांभोवती सूज, गोळीनंतर तासाभरात मळमळ आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत असल्यामुळे ही गोळी यांना मानवत नाही, ती बंद करावी, असे घरात ठरत आले होते. लक्ष्यवेधी औषध सुरू झालेल्या बहुतेक कुटुंबांकडून मी हीच शंका ऐकते.

मी गोळ्यांची पिशवी मागितली. चाळीस गोळ्या आणल्या होत्या आणि दिवस पस्तीस झाले होते. पाच उरायला हव्या होत्या, पण चौदा उरल्या होत्या. पती, म्हणजे मामा, खाली बघत म्हणाले, "रातपाळी असली की घेत नाही. मागावर उलटी झाली तर कसं करायचं?" डॉक्टरांना मात्र त्यांनी सगळे ठीक असल्याचे सांगितले होते, कारण तक्रार केली तर औषध बदलतील आणि नवे औषध परवडणार नाही, ही भीती त्यांनी मनातच ठेवली होती.

सीएमएलमध्ये 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक बिघडलेले प्रथिन तयार होते व ते पांढऱ्या पेशी सतत वाढवत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाला अडवते. परंतु त्याच्याशी साम्य असलेली काही प्रथिने निरोगी पेशींतही असल्यामुळे सूज, मळमळ, गोळे असे त्रास होतात. हा त्रास म्हणजे रोग वाढल्याची खूण नव्हे, आणि पुष्कळांचा तो काळानुसार कमी होतो, हे मी दोघांनाही सावकाश समजावले. गोळ्या वरचेवर चुकल्या तर मात्र रोगावरची पकड सैल होते, हेही मी आडपडदा न ठेवता सांगितले.

मग वेळ विचारली. मामा पहाटे रिकाम्या पोटी, चहाबरोबर गोळी घेत होते. उपाशीपोटी औषध लवकर लागू पडते, असे कोणीतरी सांगितले होते. काही लक्ष्यवेधी औषधे खरोखरच उपाशीपोटी घ्यायची असतात, पण इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे असते. त्याच दिवशी मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांसह सारे कळवले. त्यांनी रक्त तपासले, मात्रा तीच ठेवली, मळमळीसाठी वेगळी गोळी दिली आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही, असे बजावले. इमॅटिनिबची वेळ दुपारच्या भाकरीबरोबर ठरली, म्हणजे कोणतीही पाळी असली तरी ती सांभाळता येणार होती. सूज कमी राहावी म्हणून पापड, लोणचे बंद झाले. शेंगाचटणी सोडणे मामांना जड जात होते, तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे मावशींनी, ती कमी मिठाची करायचे कबूल केले. दुखण्यावरच्या गोळ्या किंवा कुणी सुचवलेला काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, हेही ठरले.

ताप, अंगावर निळे डाग किंवा रक्तस्राव, धाप, डोळे पिवळे होणे किंवा चार-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांना गाठायचे, हे मी मावशींच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

पुढच्या महिन्यात त्यांनी घरातली दिनदर्शिका काढून आणली. प्रत्येक चौकोनात गोळी घेतल्याची खूण आणि खाली सकाळचे वजन होते. दोन ठिकाणी "पोटरीत गोळा, फोन केला" असे मामांच्या हातचे लिहिलेले होते. डोळ्यांभोवती थोडी सूज अजून होती.