पक्षी बघायचं वेड आणि घरसंसार, दोन्ही कसं जमवायचं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. साकोलीकडचं गाव, दोन लहान लेकरं, दर रविवारी अंधारातच दुर्बीण घेऊन निघता, दुपारी परत येता तेव्हा घरात अबोला असतो, तर छंद सोडू का असं विचारलंय. अजिबात सोडू नका. मी गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, अंगणवाडीत काम करते, वरून धानाची शेती, सासूबाई, नवरा, दोन पोरी, आणि पक्ष्यांचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं, म्हणून तुमचंही समजतं आणि वहिनींचंही.

मला वाटतं वहिनींचा राग त्या रविवारच्या सकाळीवर आहे. आठवडाभरात तुम्ही तेवढेच घरी, आणि नेमकं तेव्हाच पाणी भरणं, लेकरांच्या आंघोळी, आलेगेले पाहुणे सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर पडतं. मग वेळ बदलून बघा ना.

पहाटेच जावं लागतं हे अर्धंच खरं आहे. झाडीतले छोटे पक्षी उजाडल्यावर दोनेक तास जास्त बोलतात हे कबूल, पण तलावावरच्या पाणपक्ष्यांना कुठं घाई असते? हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही बदकं आणि काळा वारकरी पक्षी दिवसभर पाण्यावरच असतात, दुपारी ४ ला सगळ्यांची जेवणं-झोपा आटोपून गेलात तरी दिसतात, उलट तिरपं ऊन पडलं की रंग छान दिसतात. शिकारी पक्षी तर जमीन तापल्याशिवाय वर घिरट्या घालतच नाहीत, ९-१० नंतरच बघायचे. पिंगळा (छोटं घुबड) आणि रातवा हे रात्रीचे पक्षी तिन्हीसांजेला. एखादा रविवार पहाटेचा ठेवा, पण मग पुढच्या रविवारी लेकरं तुमच्याकडे आणि वहिनी मोकळ्या, माहेरी जावोत नाही तर झोपून राहोत, त्यांना विचारायचं नाही. आणि ११ ला येतो म्हटलं की ११ ला घरी. तलावाकडे नेटवर्क नसतं, माणूस वाट बघत बसतं, निम्मी भांडणं इथूनच निघतात.

लांबचं जाणंही कमी करा. नवेगावबांध, नागझिऱ्याचं जंगल वर्षातून एखाद्या वेळी, घरच्यांना घेऊन, डबा बांधून. बाकी वर्षभर गावाजवळची एकच जागा धरा. आपल्याकडे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) गावोगावी आहेत, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, तुमच्या गावातही असेलच. शेतावर जाता-येता तिथं थांबायचं, काय दिसलं ते ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या ॲपवर टाकायचं, फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेला तर १५ मिनिटांची यादीही चालते. एकाच तलावाची यादी वर्षभर ठेवली की कोण कधी आलं, कोण यंदा आलंच नाही हे जे कळतं ना, ते दहा ठिकाणं फिरून नाही कळत.

रोवणीच्या दिवसात मात्र दुर्बीण घरीच ठेवा. बाया चिखलात वाकून पऱ्हे (धानाची रोपं) लावतायत आणि आपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून आभाळ बघतोय हे कोणालाच खपत नाही. पण खरी मजा अशी की सारस, तो उंच क्रौंच पक्षी, घरटं करतो तेही याच दिवसात आणि याच बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यांमध्ये. मागे आमच्या शेजारच्या बांधीत जोडी बसली होती. गवत, धानाचे देठ ओढून पाण्यात मोठा ढीग, वर दोन अंडी. एक जण उठून बांधीच्या कडेला चरायला जायचा, दुसरा सावकाश येऊन चोचीनं अंडी फिरवायचा आणि मग पाय दुमडून बसायचा, असं आळीपाळीनं जवळपास महिनाभर. बांधीवाल्या काकांनी तेवढा तुकडा रोवलाच नाही. माझ्या सासूबाई कधी पक्ष्यांच्या वाटेला न जाणाऱ्या, पण निंदणाहून आल्या की आधी तेच, "काहून वं, आज कोन बसला व्हता अंड्यावर?" महाराष्ट्रातले सारस आता जवळजवळ सगळे आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेत, एकूण ५० सुद्धा नाहीत. ते टिकतील तर कास्तकाराच्या बांधीतच टिकतील, मग घरच्यांना यात घेतल्याशिवाय कसं व्हायचं?

लेकरांना दोन तास गप्प बसवू नका, त्यांना ते जमत नाही. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे असतात ते दाखवा. नर अर्धा खोपा विणतो, पंख फडफडवत मादीला बोलावतो, तिला पसंत पडला तर पूर्ण करतो, नाही तर दुसरा विणायला घेतो. माझी धाकटी रोज शाळेतून येऊन सांगायची कोणता खोपा पुढे सरकला. दहा मिनिटांचं काम, पण पोरगी गुंतली.

पैशाचं एक सांगते. धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) आले की कॅमेऱ्याची लेन्स घ्यायचं मनात येतं, ते टाळा, घरात न विचारता तर मुळीच नको. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) साधी दुर्बीण आणि मोबाईलमधलं मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप, त्यात आपल्या भागाचा पॅक आधीच डाउनलोड करून ठेवला की नेटशिवाय चालतं, एवढ्यावर बरीच वर्षं निघतात.

वहिनींना पक्षी आवडलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. माझ्या नवऱ्याला आवडत नाहीत, तो तलावावर येतो तो मासे घ्यायला, चालतं की.

तुमच्या गावाजवळ कोणता तलाव आहे आणि त्यात उन्हाळ्यात पाणी राहतं का तेवढं लिहा, कोणत्या महिन्यात काय बघायचं ते सांगते.