आरएफए (सुई घालून उष्णतेनं गाठ जाळणं) आणि रेडिएशननंतर सीटीत वडिलांच्या लिव्हरची गाठ आधीपेक्षा मोठी दिसतेय, ट्रीटमेंट फेल गेली का?

नुसत्या साईजवरून फेल म्हणू नका. मी कोल्हापुरात सीटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे, पण तुम्ही वडिलांचं लिहिलंय तसं "३ सेंमीची गाठ ५ ची कशी झाली" हे काउंटरवर कायम ऐकतो.

कलेजी तव्यावर टाकली की लाल रंग जाऊन राखाडी, घट्ट होते, कोल्हापूरकराला सांगायला नको. आरएफएत सुईभोवती तेच होतं, ६० डिग्रीच्या वर पेशीतलं प्रोटीन जागच्या जागी गोठतं. आणि डॉक्टर मुद्दाम गाठीबाहेरचंही ५ ते १० मिलीमीटर चारी बाजूंनी जाळतात, मग डाग मोठा दिसणारच, तो आकसायला महिने लागतात.

रेडिएशन कशाला, तर घोळ कडेला असतो. शेजारी ३ मिलीमीटरच्या वरची रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि तिथल्या पेशी अर्ध्याकच्च्या राहतात, त्या रेडिएशननं गाठायच्या. उलट ऑक्सिजन कमी मिळणाऱ्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, त्या उष्णतेनं मरतात. शिवाय दोन्ही जवळजवळ दिले तर तापलेल्या पेशीला तुटलेला डीएनए धड जोडता येत नाही.

रिपोर्टमध्ये साईज सोडा, एनहान्समेंट बघा, म्हणजे शिरेतून डाय (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) दिल्यावर कुठला भाग उजळतो ते. जळालेला भाग डाय घेत नाही, काळा राहतो. भोवती सगळीकडून सारखी पातळ कड उजळली तर सुरुवातीचे काही महिने ती सूज असू शकते, एकाच बाजूला गाठीसारखं उजळलं तर शंका. पण रेडिएशन दिलेली जागा मरत असतानाही कित्येक महिने डाय घेऊ शकते, म्हणून पुष्कळदा डॉक्टर लगेच सुई न घालता पुढच्या स्कॅनपर्यंत थांबतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाला स्क्रीन बघूनच "वाढलीय ओ" म्हणून बसलो, तो पोरगा जिन्यातच बसला, आणि रेडिओलॉजिस्ट मॅडमनी माझी जी खरडपट्टी काढली ती अजून आठवते, कारण ती गाठ नव्हतीच, जाळलेला डाग होता.

जुन्या सगळ्या सीडी घेऊन जा, नुसते रिपोर्ट नको, आरएफएनंतर लगेच केलेला स्कॅन असेल तर तो आधी शोधा, तुलना त्याच्याशी करायची असते. मात्र पोट फुगलं, वजन एकदम वाढलं किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, रेडिएशनचा लिव्हरला त्रास बहुतेक पहिल्या ४ महिन्यांतच दिसतो.